वेटेड-की मिडी कीबोर्ड घेताय? या चुका टाळा

"८८ कीजचा, पियानोचा फील देणारा मिडी कंट्रोलर घ्यायचाय, कुठला घेऊ?" हा प्रश्न कोल्हापुरात आता सारखा कानावर येतो. विचारणाऱ्यांत पेटीवर हात बसलेले भजनी मंडळातले वादक असतात, घरच्या खोलीत गाणी अरेंज करणारी पोरं असतात, मुलीला पियानोच्या ग्रेड परीक्षांना बसवायचं ठरवलेले आईवडील असतात. बहुतेकांनी मॉडेल आधीच मनात पक्कं केलेलं असतं, त्यावर फक्त होकार हवा असतो. तेच मॉडेल का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं: व्हिडिओत आवाज भारी होता, नाहीतर ऑफर संपत होती.

व्हिडिओतल्या आवाजाचं आधी मिटवून टाकू. मिडी कंट्रोलरला स्वतःचा आवाज नसतो. कुठली की, किती वेगाने दाबली, कधी सोडली, एवढाच निरोप तो लॅपटॉपला पाठवतो. आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा. म्हणजे व्हिडिओ बघून तुम्ही ज्या आवाजावर भाळलात, तो त्या कीबोर्डबरोबर खोक्यातून येणारच असं नाही.

मी पियानो शिकवतो आणि लोकांच्या घरी जाऊन मिडीची जोडणीही लावून देतो. त्यामुळे चुकीचा कीबोर्ड घेतल्यावर पुढे काय होतं ते जवळून बघायला मिळतं. पैसे जातात हे तर आहेच. पण हाताला एकदा चुकीचं वळण लागलं की ते सुटता सुटत नाही, आणि मला त्याचं जास्त वाईट वाटतं.

जड आहे म्हणजे पियानोसारखा आहे

दुकानात माणूस एक की दाबतो, "हां, जड आहे, म्हणजे असली आहे" म्हणतो आणि पैसे काढतो. या समजुतीने जेवढं नुकसान केलंय तेवढं दुसऱ्या कशाने केलं नसेल.

पियानोची की जड नसते. नीट निगा राखलेल्या अकॉस्टिक पियानोची पांढरी की पुढच्या कडेवर साधारण ५० ग्रॅम वजन ठेवलं की खाली जायला लागते, आणि एकूण साधारण १० मिलिमीटर खाली जाते. हे घरी तपासता येतं. दहा रुपयांचं दोन रंगांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं, सात नाणी म्हणजे ५४ ग्रॅमच्या आसपास. मधल्या सीच्या पुढच्या कडेवर एकेक नाणं हलक्या हाताने ठेवत जा आणि की कधी बसते ते बघा. खऱ्या पियानोवर बघत असाल तर उजवं पेडल दाबून धरा, म्हणजे तार दाबून धरणाऱ्या डॅम्परचं ओझं मध्ये येत नाही. पियानोचे कारागीरही तसंच मोजतात. स्वस्तातल्या काही हॅमर कीबोर्डांना सातपेक्षा बरीच जास्त नाणी लागतात. जास्त नाणी म्हणजे जास्त असली, असं अजिबात नाही.

आणि नाणी तरी अर्धीच गोष्ट सांगतात. वेटेड कीबोर्डच्या हॅमर ॲक्शनमध्ये कीच्या मागे एक वजन बसवलेलं असतं, ते कीबरोबर उचललं जातं आणि स्वतःच्या भाराने परत खाली येतं. की हळू दाबली तर ते आरामात उचललं जातं. झटक्यात मारली तर तेच वजन एकदम हलवायला जास्त जोर लागतो. म्हणजे बोटाला होणारा विरोध तुम्ही कसं वाजवता त्यावर ठरतो. स्प्रिंगवाल्या कीचं तसं नसतं. ती सुरुवातीला हलकी आणि जेवढी खाली न्याल तेवढी ताठ, मग तुम्ही अंगाई वाजवा नाहीतर तांडव. पियानोचा फील म्हणतात तो हा, बोटाच्या वेगाला की जे उत्तर देते तो. निव्वळ ताठपणाला कुणी फील म्हणू नये.

खऱ्या पियानोत खालच्या सुरांचे हॅमर मोठे आणि वरच्यांचे लहान असतात, म्हणून डावीकडच्या कीज थोड्या भारी आणि उजवीकडच्या थोड्या हलक्या लागतात. ग्रेडेड हॅमर लिहिलेलं असतं ते याचसाठी. असलेलं चांगलं. पण त्याच्यापेक्षा मोठी एक गोष्ट आहे, जी खोक्यावर कुणीच छापत नाही: की आत किती लांब आहे.

पियानोची की बाहेर दिसते तेवढीच नसते. ती आत बरीच मागे जाते आणि तिचा टेकू खोलवर असतो. ग्रँड पियानोत तर तो आणखी मागे. चपट्या कीबोर्डांत एवढी जागाच नसते, त्यामुळे टेकू अगदी जवळ येतो. परिणाम काय? पांढऱ्या कीच्या पुढच्या कडेवर बोट ठेवलं तर सगळं छान वाटतं, पण दोन काळ्या कीजच्या मध्ये बोट आत सरकवलं की तीच की दगडासारखी होते. दोन-तीन काळ्या पट्ट्या एकत्र येणारे कॉर्ड वाजवताना अंगठा आत जातोच, त्याला इलाज नाही. लोक दुकानात पुढच्या कडेवर सा रे ग म वाजवतात, खूश होतात आणि घरी आल्यावर पहिल्या बी मेजरला अडतात. दुकानात असताना एवढं करा: अंगठा काळ्या कीजच्या मधोमध, अगदी मागच्या पट्टीजवळ ठेवा आणि हळू आवाजात एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवा. सूर सारखे निघत नसतील तर तो कीबोर्ड तिथेच राहू द्या.

सेमी-वेटेड घेऊन पियानोची तयारी करणं

सेमी-वेटेड म्हणजे स्प्रिंगची की, फक्त तिच्या खाली थोडं वजन लावलेलं. सिंथ, स्ट्रिंग्ज, ढोल-ताशाचे पॅटर्न वाजवायला ती उत्तम, मी स्वतः त्या कामाला तीच वापरतो. पियानो शिकायला घेऊ नका.

ब्रँड बघून हे कळत नाही. एम-ऑडिओचा कीस्टेशन ८८ हा सेमी-वेटेड आहे आणि त्याच कंपनीचा हॅमर ८८ पूर्ण हॅमर ॲक्शनचा. दोघांनाही ८८ कीज, दोघेही काळे, फोटोत लांबून सारखेच. "त्याच कंपनीचा आहे की ओ, थोडा स्वस्त मिळाला" असं म्हणत एक पालक नेमका तसलाच सौदा करून आले होते. मुलगी हुशार, रोज नेमाने बसणारी. घरी तिचं सगळं सुरेख वाजायचं. मग त्यांच्या पुण्याच्या नातेवाइकांकडे अपराइट पियानोवर ती बसली, आणि हळू आवाजातल्या जागांवर मधले मधले सूर गायबच व्हायला लागले. पोरीच्या डोळ्यांत पाणी. तिला वाटलं आपण विसरलो.

ती काही विसरली नव्हती. खऱ्या पियानोत की फार सावकाश दाबली तर हॅमर तारेपर्यंत पोचतच नाही, आवाज होत नाही. हळू वाजवायलासुद्धा एक ठरावीक वेग द्यावा लागतो. स्प्रिंगच्या कंट्रोलरवर कितीही अलगद दाबा, व्हेलॉसिटी, म्हणजे दाबण्याच्या वेगाचा आकडा, १ का होईना पण सूर जातोच. तिचं बोट तेवढ्यावरच तयार झालं होतं. पुढे हॅमर ॲक्शनवर तिला तेच धडे पुन्हा पहिल्यापासून, एकेक हात वेगळा करून बसवावे लागले. "सध्या हलका घेतो, मग बघू" म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट सांगतो. त्यातले निम्मे तरीही हलकाच घेतात. शिकायची घाई असते, त्यामुळे शिकायच्या साधनाचा विचार करायला सवड नसते.

पेटीवरून येणाऱ्यांची अडचण वेगळी

गोविंदराव टेंब्यांसारखे पेटीवादक ज्या गावाने पाहिले, तिथे पियानोकडे वळणारा बहुतेक जण पेटीवरून येणार हे उघड आहे. पेटीची पट्टी म्हणजे हवेची झडप उघडायची दांडी. उघडली की सूर, बंद केली की गप्प. लहानमोठा आवाज भात्याचा, म्हणजे डाव्या हाताचा. बोटाने जोर काढायचा ही सवयच नसते, आणि बोट पट्टीवरून घसरत नेण्याची सवय मात्र पक्की असते. असा हात हॅमर ॲक्शनवर पडला की पहिले काही आठवडे बोटं, मनगट, सगळं कुरकुरतं. हे अगदी साहजिक आहे. यात कीबोर्डही वाईट नाही आणि तुमचा हातही नाही. रोज थोडा वेळ, हळू लयीत, एका हाताने वाजवा. दुखलं तर थांबा. दुखत असताना रेटून वाजवणं म्हणजे मेहनत असं ज्याला वाटतं, त्याची बोटं काही दिवसांनी त्याला वाजवू देत नाहीत.

दोष दुसऱ्याचा आणि विकायला काढला कीबोर्ड

शाहूपुरीत एक काका आहेत. भजनी मंडळात अनेक वर्षं पेटी वाजवली, निवृत्तीनंतर पियानोची हौस. मुलाने चांगला हॅमर ॲक्शनचा कंट्रोलर घेऊन दिला. काही दिवसांनी काकांचा फोन: "सर, हे विकून टाकतो बघा. लई जड हाय. हाणून हाणून बोटं मोडायची वेळ आली, आवाज काय निघंना." मुलगा तोवर हलक्या कीजचं दुसरं मॉडेल बघायलाही लागला होता.

घरी जाऊन बघतो तर कीबोर्ड चौरंगावर, काका समोर मांडी घालून. पेटीला ही बैठक बरोबर आहे. पियानोच्या कीला नाही. कोपर कीजच्या पातळीच्या खाली, मनगट वर मोडलेलं, म्हणजे हाताचं वजन कीवर उतरायला वाटच नाही. सगळं काम एकट्या बोटांवर. आधी कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर नेला, काकांना खुर्चीवर दोन उश्या दिल्या, कोपर कीजच्या किंचित वर आणला. निम्मा जडपणा तिथेच गेला. पियानोच्या कीजचा वरचा भाग जमिनीपासून साधारण ७२-७३ सेंटिमीटरवर असतो. टेबलाची उंची अधिक कीबोर्डची जाडी हा हिशोब जमवा. जेवणाचं टेबल त्या मानाने थोडं उंचच पडतं, म्हणून उश्या.

मग आवाजाचं बघितलं. लॅपटॉपचा आवाज ब्लूटूथ स्पीकरला जोडलेला. तिथेच मी कपाळाला हात लावला. ब्लूटूथला आवाज पोचायला सहसा १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागतो. की दाबली, आवाज नाही, म्हणून माणूस आणखी जोर लावतो, तोवर आधीचा सूर येतो. बोटाला वाटतं की अडकतेय. खरं तर अडकतोय आवाज. वायरचे हेडफोन लावले. सॉफ्टवेअरमध्ये बफर, म्हणजे बाहेर पाठवण्याआधी साठवायचा आवाजाचा तुकडा, १०२४ सॅम्पलचा ठेवलेला होता, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला २३ मिलिसेकंद नुसते त्याचेच. आवाजाचा उशीर कमी करणारा एसिओ ड्रायव्हर टाकला, बफर १२८ वर आणला. त्याचे होतात ३ मिलिसेकंदांच्याही आत. काकांनी एक की दाबली आणि माझ्याकडे बघितलं. "हलकी झाली की ओ." कीला तर कुणी हातही लावला नव्हता.

तिसरी गोष्ट राहिली होती, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मिडी कीबोर्ड जोर मोजत नाही. कीच्या खाली एकापाठोपाठ दोन (काहींत तीन) संपर्क असतात. पहिला लागल्यापासून दुसरा लागेपर्यंत किती वेळ गेला, त्यावरून तो वेग काढतो आणि १ ते १२७ मधला एक आकडा पाठवतो. वेगाचं आकड्यात रूपांतर कसं करायचं हे ठरवतो व्हेलॉसिटी कर्व्ह. विंडोजवर मिडी-ऑक्स, मॅकवर मिडी मॉनिटर, असलं एखादं आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि वाजवून बघा. काकांना म्हटलं, अगदी हळू वाजवा: १४, १७, १५. आता नेहमीसारखं: ४०, ४४, ३८. आता दणकून: ७२, ७५. संपलं. १०० च्या वर काही केल्या जात नव्हता. पियानोच्या सॉफ्टवेअरमध्ये जोरकस, चमकदार आवाज वरच्या आकड्यांवर ठेवलेले असतात, ते काकांना कधी ऐकूच आले नव्हते. कीबोर्डमध्ये 'हार्ड' कर्व्ह निवडलेला होता. कुणीतरी मुलाला सांगितलं होतं म्हणे, की हार्ड ठेवलं की खऱ्या पियानोसारखं होतं. पुन्हा तोच जडपणाचा हव्यास.

माझी सवय अशी: कीबोर्डमधला कर्व्ह सरळ, म्हणजे लिनियर ठेवतो आणि जे काय वळवायचं ते सॉफ्टवेअरमध्येच वळवतो. दोन्हीकडे फिरवाफिरवी केली की पुढे कुठे काय बिघडलंय ते सापडत नाही. वळवताना लक्ष्य एवढंच: सर्वात हळू वाजवताना २० च्या आसपास, रोजच्या वाजवण्यात ६० ते ८०, आणि पूर्ण ताकदीने कॉर्ड मारला की ११५-१२०. रोजच्या वाजवण्यातच १२७ दिसत असेल तर पुढे वाढायला जागाच उरत नाही. पियानोटेक नावाच्या पियानोच्या सॉफ्टवेअरमध्ये तर कर्व्ह तुमच्या हाताप्रमाणे जुळवून देणारी सोयच आहे, ती वापरा. आणि सगळे सूर १०० वर बांधून टाकणारा 'फिक्स्ड' पर्याय पियानोसाठी कधीही निवडू नका. शंभर टक्के जुळलेलं, एका जोराने वाजणारं, ग्रिडवर ठोकून बसवलेलं वादन ऐकायला पटकन नीटनेटकं वाटतं, म्हणून नवी पोरं त्याच्या मागे लागतात. हॅमर ॲक्शनचे पैसे मोजून असं वाजवायचं असेल तर ते पैसे वाचवा.

काकांनी कीबोर्ड ठेवला. मुलगा दुसरं मॉडेल मागवणार होता ते राहिलं.

बटणं मोजून कीबोर्ड निवडणं

किंमत सारखी असेल आणि एकाला सोळा पॅड, नऊ फेडर, रंगीत पडदा असेल, तर पैसे कुठेतरी कापलेले असणार, आणि बहुतेक वेळा ते कीबेडमध्ये, म्हणजे कीज आणि त्यांच्या खालच्या यंत्रणेत, कापलेले असतात. म्हणून मी आधी कीबेडचं नाव शोधतो. इटलीतल्या रेकानातीची फातार ही कंपनी कीबेड बनवते आणि अनेक नामांकित ब्रँड तिचाच माल वापरतात. स्टुडिओलॉजिक हा तर फातारचाच ब्रँड. त्यांच्या एसएल८८ स्टुडिओमध्ये टीपी/१००एलआर नावाचा कीबेड आहे, एसएल८८ ग्रँडमध्ये लाकडी कीजचा टीपी/४०वूड. आर्टुरियाच्या कीलॅब ८८ एमके२ मध्येही टीपी/१००एलआरच. म्हणजे खोकी वेगळी, ब्रँड वेगळे, पण बोटाखाली बराचसा एकच माल. हे कळलं की तुलना सोपी होते.

फीलसाठी बाकी सगळं सोडायची तयारी असेल तर कावाईचा व्हीपीसी१ बघा. लांब लाकडी कीज, तीन पेडलचा संच सोबत, आणि अंगावर ना पॅड, ना फेडर, ना पिच बेंडचं चाक. वजन साडेएकोणतीस किलो, म्हणजे एकदा ठेवला की ठेवला. कार्यक्रमांना फिरणाऱ्याने त्याचा विचारही करू नये. नवरात्रात रोज वेगळ्या गावात ऑर्केस्ट्रा असणाऱ्याला हलका सिंथ-ॲक्शन, म्हणजे स्प्रिंगच्या कीजचा, कीबोर्डच बरा. हॅमर ॲक्शन घरी ठेवा.

आणि कंट्रोलरच हवा असा हट्ट कशाला? रोलंडचा एफपी-१० किंवा एफपी-३०एक्स, यामाहाचा पी-१४५, कॅसिओचा पीएक्स-एस११००, कावाईचा ईएस१२०, हे डिजिटल पियानो यूएसबीने लॅपटॉपला जोडले की मिडी कंट्रोलरचंच काम करतात. लॅपटॉप बंद असला तरी वाजतात. शिकणाऱ्या मुलांसाठी मी बहुधा हेच सुचवतो. लॅपटॉप उघडा, सॉफ्टवेअर लोड होऊ द्या, या खटाटोपात रियाजाची वेळ निघून जाते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पिच बेंडचं चाक यांना नसतं, मींडेचं काम असेल तर शेजारी छोटा कीबोर्ड लागेल. आणि सॉफ्टवेअरबरोबर वाजवताना लोकल कंट्रोल बंद करा, नाहीतर पियानोचा स्वतःचा आणि लॅपटॉपचा असे दोन आवाज एकदम येतात आणि "माझा कीबोर्ड घुमतोय" म्हणून फोन येतो.

थोडक्यात सांगायच्या गोष्टी

एक्स आकाराचा एकेरी स्टँड घेऊ नका. हॅमर ॲक्शनवर जोरात वाजवलं की तो हलतो, आणि हलणाऱ्या कीबोर्डवर कुठलाच फील कळत नाही. टेबल किंवा झेड आकाराचा घ्या.

चपट्या डबीसारखं पेडल फुकट आलंय म्हणून वापरू नका, ते पायाखालून पळतं. अर्ध्या पेडलचं काम करायचं असेल तर पेडल आणि कंट्रोलर दोघांनाही ते जमायला हवं. आकडे दाखवणाऱ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये सीसी ६४, म्हणजे पेडलचा आकडा, बघा: पेडल हळूहळू दाबताना ० ते १२७ मधले आकडे दिसले तर जमतंय, थेट ० आणि १२७ च दिसले तर नाही. पेडल उलटं चालत असेल, म्हणजे सोडल्यावर सूर लांबत असेल, तर सगळ्या कंपन्यांची वायरिंग एकसारखी नसते हे त्याचं कारण. कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा, त्यावर पाय न ठेवता चालू करा. अनेक कीबोर्ड चालू होताना स्वतःच ओळखतात.

६१ कीज घेऊन "नंतर वाढवू" म्हणू नका. कीज वाढवता येत नाहीत.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर कीबोर्ड बंद करून वाजवून बघा. हॅमर ॲक्शनचा ठकठक आवाज हेडफोन लावणाऱ्याला ऐकू येत नाही, खालच्या मजल्यावर जातो. स्टँडखाली जाड रबरी मॅट टाका.

पावसाळा, धूळ आणि खंडेनवमी

कोल्हापूरचा पाऊस चार महिने घरात ओल धरून बसतो. कीबोर्ड भिंतीला चिकटून ठेवू नका, प्लॅस्टिकमध्ये बांधून तर मुळीच नाही, आत दमटपणा कोंडतो. सुती कापड टाका, ते अधूनमधून वाळवा. कीच्या खालचे संपर्क रबराचे असतात आणि त्यांच्या टोकाला कार्बन असतो. त्यावर धूळ बसली की एखादी की हळू दाबूनही १२७ ला किंचाळते, किंवा दोनदा वाजते, किंवा गप्प बसते. उपाय म्हणजे कीबोर्ड उघडून ते रबर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. जाणकाराकडून करून घ्या. फटीतून तेलकट स्प्रे मारायचा उपाय जो कुणी सांगेल, त्याच्या हातात कीबोर्ड देऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. खंडेनवमीला वाद्यांची पूजा आपण सगळेच करतो, केलीच पाहिजे. पण हळदकुंकू आणि अक्षता कीजवर टाकू नका. माझ्याकडे एकदा एक कीबोर्ड आला, एफ शार्प अर्धीच खाली जायची. उघडला तर हॅमरच्या खोबणीत तांदळाचा एक दाणा आडवा बसलेला, आणि आजूबाजूच्या संपर्कांवर कुंकवाचा लाल थर. पूजेच्या वेळी कीबोर्डवर कापड घाला, हळदकुंकू त्या कापडावर वाहा, फूल ठेवा. उदबत्ती दोन हात लांब.

हात न लावता मागवणं, आणि जुना घेणं

कोल्हापुरात दुकानांत जास्त करून ताल-रिदमवाले अरेंजर कीबोर्डच मांडलेले दिसतात. हॅमर ॲक्शनची चार-पाच मॉडेल शेजारी शेजारी बघायची तर पुणे-मुंबई गाठावी लागते. लोकांना त्याचा कंटाळा येतो. इतकी वर्षं ज्यावर हात ठेवायचा, त्यासाठी एक दिवस काढायला काय हरकत आहे?

जाताना लॅपटॉप, तुमचं नेहमीचं पियानोचं सॉफ्टवेअर आणि वायरचे हेडफोन घेऊन जा. दुकानातल्या आवाजावर निर्णय घेऊ नका. आधी चारपाच सुरांचा कॉर्ड शक्य तितका हळू वाजवा, सगळे सूर एकत्र आणि सारखे यायला हवेत. मग एकच की पूर्ण वर न येऊ देता, १-२-३ बोटं बदलत पटापट वाजवा. तीन संपर्कांच्या कीबेडवर की अर्ध्यातून परत दाबली तरी सूर येतो, दोनच्या कीबेडवर मधले सूर गळतात. अंगठा आत नेऊन बघायचं वर सांगितलंच आहे. मग निदान पाऊण तास जे येतं ते वाजवत बसा. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच कीबोर्ड छान वाटतात. मनगट बोलायला लागतं ते अर्ध्या तासानंतर.

जुना घेत असाल तर तेच आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून सगळ्या ८८ कीज एकाच बोटाने, एकाच जोराने, डावीकडून उजवीकडे वाजवा. शेजारच्या कीपेक्षा आकडा एकदम उडतो किंवा पडतो ती की लिहून ठेवा. मधले दोन सप्तक सर्वात जास्त झिजलेले असतात, तिथे कीज डावी-उजवीकडे हलवून बघा. यूएसबीचा सॉकेट वायर हलवल्यावर तुटतोय का तेही बघा. अडॅप्टरवर चालणारा असेल तर अडॅप्टर मूळचाच आहे ना, ते विचारा, आणि नसेल तर व्होल्टेज व पिनची प्लस-मायनस कीबोर्डच्या मागे छापलेल्या खुणेशी जुळवल्याशिवाय प्लग लावू नका.